डॉक्टरीणबाई गेल्यावर

इथे हर्सूलला अडलं की रिक्षा करून घाटी गाठता येते. दुर्गम भागात तसं नाही. तिथे वर्षभराच्या बाँडवर डॉक्टर जोडपं आलं, तर लोक ‘डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई’ म्हणतात. डॉक्टरची बायकोही डॉक्टरीणबाई आणि शिकलेली डॉक्टरही डॉक्टरीणबाईच! घोळ इथूनच.

राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आकडे आले. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग. आधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. अंगावरून पांढरं जातं, हे पुरुष डॉक्टरला कोण सांगणार? तपासणारी बाई होती, म्हणून बायका बोलल्या.

बंग तिथेच राहिले. वर्षाच्या बोलीवर आलेली मात्र परत जाणार. मग बोलत्या झालेल्या बायकांनी कुणाकडे जायचं? बंगांनी गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. १९९९च्या अहवालात ३९ गावांतले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले.

मी निघणाऱ्या जोडप्यांना दोनच गोष्टी विचारते. नेमणूकपत्रं दोन आहेत ना, पगार दोघांना वेगळा ना? आणि गावातल्या कुठल्या बाईला शिकवून येणार?