फिशटँकमधली पहाट

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



प्रत्येकाने आपल्या कामाबद्दल थोडं बोलायचं असं ठरलंय. मी वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण माझ्या ऑफिसातल्या गोष्टी ऐकून तुम्हाला जेवणाआधीच झोप लागेल. म्हणून घरी केलेल्या एका छोट्या कामाबद्दल सांगते. त्याचा आपल्या शाळेशीही संबंध आहे.

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना त्यांनी तिकिटं दिली आहेत, एक-दोघांना विनातिकीट पकडलंही आहे. आई गेल्यावर ते माझ्याकडे पुण्याला आले. पहिल्या गाडीची ड्यूटी सुटून कित्येक वर्षं झाली, तरी साडेचारलाच उठायचे आणि अंधारात नुसते बसून राहायचे. बोलणं जवळजवळ बंद झालं होतं.

त्याच सुमारास मुलगा शिकायला बाहेरगावी गेला आणि त्याचा दोन फुटी फिशटँक मागे राहिला. त्यात दहा निऑन टेट्रा. त्यांना खायला घालायचं काम बाबांनी आपणहून घेतलं. टँकवर एलईडीची पट्टी होती, टायमरवर लावलेली. सकाळी सहाला खटकन पूर्ण उजेड पडायचा आणि रोज सगळे मासे घाबरून सैरावैरा पळायचे. एकदा एक मासा उडून बाहेर पडला. बाबांना तो फरशीवर मिळाला, मेलेला.

त्या दिवशी ते म्हणाले, "तुझी आई तुम्हाला कशी उठवायची, आठवतं? आधी मागचं दार किलकिलं करायची. मग भांडी वाजवायची. हाक शेवटी." कित्येक महिन्यांत बाबा एवढं सलग बोलले नव्हते. मी ठरवलं, या माशांना सकाळ हळूहळू झाली पाहिजे.

मला वाटलं, एका रविवारचं काम. आर्डुइनो नॅनो नावाचा बोटाएवढा बोर्ड आणला. एलईडी मंद करायची तर ती सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात. फिरत्या पंख्याची पाती वेगळी दिसत नाहीत, तसं डोळ्याला ते चालू-बंद होणं दिसत नाही, फक्त कमी-जास्त उजेड दिसतो. नॅनोची पिन बारा व्होल्टची पट्टी पेलू शकत नाही, म्हणून मध्ये मॉस्फेट घातला. त्याच्या गेटपासून ग्राउंडला दहा हजार ओहमचा रेझिस्टर जोडला. तो नसेल तर बोर्ड सुरू होताना पट्टी क्षणभर भसकन लागू शकते, म्हणजे पुन्हा तोच घोटाळा.

प्रोग्राम सोपा वाटला. उजेडाच्या शून्य ते २५५ पायऱ्या, अर्ध्या तासात एकेक चढायची. साधारण सात सेकंदांना एक पायरी. पहिल्या सकाळी मी आणि बाबा समोर बसलो. सुरुवातीलाच टप्प्याटप्प्याने झटके बसले, मासे दचकले. पहिल्या काही मिनिटांतच टँक बऱ्यापैकी उजळला आणि नंतर बराच वेळ काही बदलतच नव्हतं.

तेव्हा मला गणिताच्या बाई आठवल्या. नववीत गुणोत्तर शिकवताना त्या म्हणायच्या, "किती वाढलं ते नको, कितीपट झालं ते सांग." एकवरून दोनवर जाणं म्हणजे उजेड दुप्पट. २५४ वरून २५५ म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. पायरी तीच, पण डोळा फरक मोजत नाही, पट मोजतो. रिकाम्या वर्गात एक मुलगा बोलला तरी कळतं. मधल्या सुट्टीत आणखी एक ओरडला तर कोणाला कळतंय? एकोणिसाव्या शतकात जर्मनीत वेबर आणि फेख्नर यांनी हेच नियम म्हणून मांडलं. पूर्ण उजेडाच्या साधारण १८ टक्केच उजेड आपल्या डोळ्यांना निम्मा वाटतो.

म्हणून सरळ रेषेऐवजी घन वापरला. निम्मा वेळ गेला की उजेड आठवा हिस्सा. पण २५६ पातळ्यांत हे बसेना. जवळजवळ पावणेपाच मिनिटं पूर्ण अंधार, मग एकदम पहिली पायरी, मिनिटभराने थेट दुप्पट. उपाय नॅनोमध्येच होता. त्यातला एक टायमर सोळा बिटांवर चालवता येतो, म्हणजे ६५,५३६ पातळ्या. त्यावर पट्टी सेकंदाला २४४ वेळा चालू-बंद होते. दुसऱ्या रविवारी पहाट खरंच पहाटेसारखी झाली.

मग माझी फजिती. पावसाळ्यात एका रात्री वीज गेली आणि दोनला परत आली. माझा प्रोग्राम बोर्ड सुरू झाल्यापासूनचा वेळ मोजत होता, त्यामुळे त्याने रात्री दोनलाच सकाळ सुरू केली. अडीचला बाबा दारात उभे. म्हणाले, "अगं, गाडी डेपोतून वेळेआधी सुटली." आई गेल्यानंतर आम्ही दोघं पहिल्यांदा हसलो ते तेव्हा.

त्यानंतर डीएस३२३१ हे घड्याळाचं मॉड्यूल लावलं. वीज नसली तरी त्याचं घड्याळ बटण-सेलवर चालू राहतं. आता प्रोग्राम काही लक्षात ठेवत नाही. दर क्षणी घड्याळाला विचारतो, किती वाजले, आणि त्यावरून उजेड ठरवतो. वीज कधीही जाऊन आली तरी तो योग्य जागेवरून सुरू होतो. बावीस वर्षं हेच काम करणाऱ्या बाईला हे आधी सुचायला हवं होतं.

कोणाला करायचं असेल तर पट्टी आणि अडॅप्टर सोडून बाकी सामान हजार रुपयांच्या आत येतं. अडॅप्टर मात्र टँकच्या वर कधी ठेवू नका, आणि वायरला प्लगच्या खाली एक झोळ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी तिथेच गळून पडेल.

आता पाच वाजता बाबा चहा घेऊन टँकसमोर बसतात. साडेपाचला उजेड सुरू होतो. पहिला मासा झाडांतून कधी बाहेर आला, ते वहीत तारखेसह लिहितात, वेबिल लिहायचे त्याच अक्षरात. मी उठले की त्या दिवशीची वेळ सांगतात आणि तिथून बोलणं सुरू होतं.

बाई, "हे गुणोत्तर पुढे कुठे लागणार?" असं मी वर्गात विचारलं होतं. तुम्ही रागावला नाहीत, "लागेल तेव्हा कळेल" एवढंच म्हणालात. तीस वर्षं लागली, पण कळलं.