रोगजंतूंची कुळे



घरात कोणी तापाने फणफणले की आपण डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारतो, "रोग कोणता?" प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. 'न्यूमोनिया' हे नाव फुफ्फुसाला काय झाले ते सांगते. कोणी केले ते सांगत नाही. औषध तर करणाऱ्यावर द्यावयाचे असते! म्हणून रोगांची यादी आणि रोगजंतूंची वंशावळ या दोन निरनिराळ्या वह्या आहेत. वैद्यकाला त्या दोन्ही उघड्या ठेवाव्या लागतात, एवढेच आज मला आपणांपुढे मांडावयाचे आहे.

जंतूंची सर्वांत सोपी वाटणी रूपावरून होते. गोल ते गोलाणू, काडीसारखे ते दंडाणू, मळसूत्राप्रमाणे पीळदार ते सर्पिलाणू. पण विषमज्वराचा जंतू काडीसारखा आणि आपल्या आतड्यात एरवी निमूटपणे नांदणारा कोलाय जंतूही काडीसारखाच. नुसत्या रूपावरून साव कोण आणि चोर कोण, हे कसे ठरावे?

बर्लिन येथे 1884 साली हान्स क्रिस्टियन ग्राम हा डॅनिश वैद्य न्यूमोनियाने दगावलेल्यांच्या फुफ्फुसांचे पातळ काप तपाशीत होता. त्याने ते जांभळ्या रंगात बुडविले, त्यावर आयोडीन घातले आणि मग अल्कोहोलने धुतले. काही जंतूंनी रंग धरून ठेवला, काहींनी तो सोडून दिला. त्याच सुमारास न्यूमोनियाचा खरा जंतू कोणता, याविषयी फ्रीडलेंडर आणि फ्रेंकेल या दोन शास्त्रज्ञांत वाद चालला होता. पुढे उलगडा झाला तो असा, की जंतूच दोन होते! फ्रेंकेलचा गोलाणू रंग धरतो, फ्रीडलेंडरचा दंडाणू सोडतो. रोगाचे नाव एक, गुन्हेगार दोन.

रंग धरणाऱ्या जंतूची भिंत जाड असते. सोडणाऱ्याची भिंत पातळ असली, तरी तिच्यावर आणखी एक स्निग्ध आवरण असते. पुष्कळशा औषधांना हे आवरण आत शिरू देत नाही. फ्रेंकेलच्या जंतूवर पेनिसिलिन बहुधा लागू पडते; फ्रीडलेंडरच्या जंतूवर नुसत्या पेनिसिलिनची मात्रा चालत नाही. म्हणजे काचपट्टीवरचा रंग हा रोग्याच्या जिवाशी निगडित आहे.

तिसरे एक कूळ मेणचट भिंतीचे. त्याला ग्रामचा रंग नीट लागत नाही. पण दुसऱ्या रीतीने एकदा चढविलेला रंग आम्लानेही निघत नाही. कॉख यांनी 1882 साली जाहीर केलेला क्षयाचा जंतू या कुळातला, आणि हान्सेन यांनी 1873 साली पाहिलेला कुष्ठाचा जंतूही याच कुळातला. एक रोग खोकल्याने झिजवितो, दुसरा त्वचा व मज्जातंतू बधिर करतो. पाहणाऱ्याला त्यांत काही नाते दिसत नाही. तरीही रिफाम्पिसिन हे औषध दोहोंच्याही उपचारांत मुख्य आहे. नाते जंतूंच्या वहीत लिहिलेले आहे!

याच्या उलटही घडते. साखळीसारखा दिसणारा स्ट्रेप्टोकॉकस हा एकच गोलाणू कोणाचा घसा धरतो, कोणाला धावरे आणतो, बाळंतिणीला सूतिकाज्वर देतो. घसादुखीकडे दुर्लक्ष झाले, तर काही मुलांना पुढे सांध्यांचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. घसादुखी क्षुल्लक म्हणावी, तर तिच्यामागे असा जंतू असू शकतो. आणि प्रत्येक घसादुखीला जंतुनाशक गोळी घ्यावी, तर बहुतेक वेळा तिचे कारण विषाणू असतो, आणि त्याला त्या गोळीचे काहीच वाटत नाही. शरीरातील इतर जंतू मात्र तेवढ्यात तिला सरावतात.

फ्रीडलेंडरचा तो जंतू आज क्लेब्सिएला या नावाने ओळखला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने 2024 साली औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंची जी यादी केली, तिच्या अग्रभागी तो आहे. तेव्हा डॉक्टरांनी थुंकी, लघवी वा रक्त तपासावयास सांगितले, तर तो वायफळ खर्च समजू नये. दुखणे जोराचे असेल, तर ते अनुमानाने औषध लगेच सुरू करतीलच. पण शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी दुकानातून परस्पर आणू नये. त्याचा रोग आणि आपला रोग नावाने एक असेल. जंतूही एकच असेल, याची हमी कोणी द्यावी?