मदत आणि मोबदला



मी होमिओपॅथीचा डॉक्टर, वकील नव्हे. तरीही या व्याख्यानमालेसाठी मी फौजदारी कायद्यातला एक प्रश्न निवडला आहे. परक्या देशात परवान्याशिवाय शिरलेल्या माणसाला कोणी जेवू घातले, रात्रीपुरता आसरा दिला, गाडीतून पुढच्या गावी सोडले, तर तो गुन्हेगार ठरावा का?

बडोद्यात राहणाऱ्या आपल्याला या प्रश्नाची एक बाजू ठाऊक आहे. जानेवारी २०२२ मध्ये गांधीनगर जिल्ह्यातील डिंगुचा गावचे चौघांचे कुटुंब कॅनडातून अमेरिकेत पायी शिरताना सीमेजवळ गोठून मरण पावले. त्यांत दोन मुले होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये मिनेसोटातील ज्यूरीने दोन पुरुषांना दोषी ठरवले. एक या चोरट्या वाहतुकीची आखणी करणारा, दुसरा पलीकडे गाडी घेऊन थांबलेला. माणसांच्या जिवावर धंदा करणाऱ्यांना शिक्षा झाली, हे योग्यच झाले.

दुसरी बाजू फ्रान्सची. इटलीच्या सीमेलगत रोया नावाचे डोंगराळ खोरे आहे. सेद्रिक एरू हा तिथला ऑलिव्हचा शेतकरी. इटलीकडून पायी येणाऱ्या निर्वासितांना त्याने घरी ठेवले, गाडीतून नेले. पैसे घेतले नाहीत. फेब्रुवारी २०१७ मध्ये नीस येथील न्यायालयाने त्याला तीन हजार युरोंचा स्थगित दंड केला. ऑगस्टमध्ये अपिलात चार महिन्यांची स्थगित कैद झाली. कायद्यात कमाल शिक्षा पाच वर्षे कैद आणि तीस हजार युरो दंड अशी होती.

प्रकरण फ्रान्सच्या संविधान परिषदेपुढे गेले. ६ जुलै २०१८ रोजी परिषदेने सांगितले की स्वातंत्र्य आणि समता यांच्याप्रमाणेच बंधुता हेही घटनात्मक तत्त्व आहे. म्हणून समोरचा माणूस देशात कायदेशीरपणे राहतो की नाही, हे न पाहता मानवतेच्या भावनेने त्याला मदत करण्याचे स्वातंत्र्य नागरिकाला आहे. मात्र सीमा ओलांडून आत आणण्याला हे संरक्षण परिषदेने दिले नाही. पुढे कायदा बदलला, आणि मे २०२० मध्ये लियाँच्या अपील न्यायालयाने एरूला निर्दोष ठरवले.

दवाखान्यात दोन रोगी सारखाच खोकत येतात. एकाला धुळीचा त्रास असतो, दुसऱ्याला क्षय. नुसता खोकला ऐकून औषध देणारा डॉक्टर धोकादायक. तसेच ‘परक्याला गाडीत बसवले’ हे केवळ लक्षण आहे. ते कशासाठी, हे कायद्याने विचारायला हवे.

हा प्रश्न विचारायची तरतूद आहे. स्थलांतरितांच्या चोरट्या वाहतुकीविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या करारात गुन्ह्याच्या व्याख्येतच ‘आर्थिक वा अन्य भौतिक लाभ’ ही अट आहे. युरोपीय संघाच्या २००२ सालच्या निर्देशात मात्र प्रवेशाला मदत करण्याच्या गुन्ह्यासाठी ही अट नाही. मानवतावादी मदतीला सूट द्यायची की नाही, हे प्रत्येक देशाच्या मर्जीवर सोडले आहे.

आक्षेप असा की सूट दिली तर दलालही सेवेचा बुरखा पांघरतील. शंका रास्त आहे. पण बुरखा फाडायचा तर पैसा कुठून कुठे गेला, हाच माग काढावा लागतो. लाभाची अट असली की तपास आपोआप त्या दिशेने जातो. ती नसली की रस्त्यावर सहज सापडणारा गाडीवाला पकडला जातो आणि दलाल दूर सुरक्षित बसतो.

आमच्या जैन परंपरेत दानाचे चार प्रकार सांगितले आहेत: आहार, औषध, शास्त्र आणि अभय. योगायोग असा की २०१८ पूर्वीच्या फ्रेंच कायद्यातही विनामोबदला जेवण, औषधोपचार आणि कायद्याचा सल्ला यांना सूट होती, निवाऱ्यालाही होती. भ्यालेल्याला गाडीत घालून देशातल्या देशात सुरक्षित ठिकाणी पोहोचवणे मात्र गुन्हाच होता. म्हणजे तीन दाने मान्य होती, अडले होते ते अभयदान. एका शेतकऱ्याच्या खटल्याने त्यालाही जागा मिळाली.

आपली मुले-नातवंडे आज परदेशी आहेत, आणि परक्या रस्त्यावर अडचणीत कोण सापडेल हे सांगता येत नाही. तेव्हा गाडी थांबवणाऱ्या माणसाला तुरुंगाची भीती वाटू नये, एवढी तरतूद प्रत्येक देशाच्या कायद्यात असावी, असे मला वाटते.