पेटीचे भोक आणि खजिनदाराची सही
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांचा हिशेब सांगा, असा मला आग्रह झाला. जमेची बाजू बाकीचे वक्ते सांगतीलच. मी जन्मभर बँकेत काढला, म्हणून नावे बाजूची एक नोंद सांगतो. तिच्यावर माझीच सही आहे.

मी खजिनदार असताना पाण्याच्या मोटारीसाठी नवी लोखंडी पेटी घेतली. वायरमनच्या कोटेशनात केबल ग्लँड, लग, भोके बुजवायचे प्लग असे लिहिले होते. मी विचारले, "हे कशाला, भाऊ?" तो म्हणाला, "साहेब, केबल पेटीत शिरते तिथं लागते." मी म्हटले, "भोक तर आहेच ना!" आणि त्या ओळीवर काट मारली. थोडेसे रुपये वाचले. केबल वरच्या भोकातून तशीच आत गेली.

दुसऱ्या पावसाळ्यात आमच्या पंपवाल्याने ओल्या हाताने पेटीचे दार धरले आणि तो दूर फेकला गेला. जीव वाचला, ही देवाची कृपा. दवाखान्यात त्याची बायको मला एक शब्दही बोलली नाही. ते मी अजून विसरलो नाही.

पेटी उघडली तेव्हा सारे कळले. पाणी केबलवरून ओघळत आत आले होते. मोटारीच्या थरथरीने पत्र्याच्या धारेवर घासून केबलचे आवरण कापले गेले होते. अर्थिंगची तार ढिली होती. उघड्या भोकातून पालही आत शिरली होती.

तेव्हापासून मी काही गोष्टी शिकलो. केबल शक्यतो खालून घ्यावी, आणि पेटीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच गळते. ग्लँड केबलच्या बाहेरच्या जाडीच्या मापाचा हवा. सैल ग्लँड असून नसल्यासारखा. रिकामे भोक प्लगने बंद करावे. लोखंडी पत्र्यातून सुट्या तारा न्यायच्या तर तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकाच भोकातून न्यावेत. वेगवेगळ्या भोकांतून नेले तर पत्रा तापतो. आत तारांना नंबर घालावेत, टोकांना लग दाबावेत, स्क्रू वर्षातून एकदा वीज बंद करून आवळून घ्यावेत. घराच्या फलकावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवाच. आणि सील लावलेल्या मीटरला हात लावू नये, ते काम महावितरणचे.

आपल्याच भंडाऱ्यात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागून १० तान्ही बाळे गेली. आग कशी लागते, हे सगळ्यांनाच ऐकून माहीत असते. पण आपल्या जिन्याखालची पेटी उघडून कोणी पाहत नाही.

आपले आंधळगाव कोशाच्या कापडाचे गाव. मागावर धागा फणीच्या दातांतून आपल्या जागेनेच जातो. एक जरी गुंतला तरी विणकर माग थांबवतो. पेटीतल्या तारांनाही तेवढाच मान द्यावा.

म्हणून माझी विनंती: येत्या वार्षिक सभेत पेट्यांच्या तपासणीसाठी दरवर्षीची वेगळी तरतूद करावी. आणि त्या ओळीवर कोणत्याही खजिनदाराने काट मारू नये. पंपवाला आज या सभागृहात बसला आहे. त्याच्यासमोर हे बोलायचे राहिले होते, ते आज बोललो.