पडद्यावरचा समुद्र



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, ते भूगोलाच्या तासाला फळ्यावर विश्वामित्री काढीत. बडोद्यातून निघालेली रेघ ढाढर नदीला मिळवून खंबातच्या आखातापर्यंत नेत आणि म्हणत, "पुढचे तुम्ही जाऊन पाहा." आमच्यापैकी फार थोडे गेले.

आजच्या मुलांकडे समुद्रच वर्गात येतो. कल्पना तशी नवी नाही. १९८५ साली टायटॅनिकचे अवशेष सापडल्यावर रॉबर्ट बॅलार्ड यांना हजारो शाळकरी मुलांनी पत्रे लिहिली. पुढच्या मोहिमेत आम्हांलाही न्या, अशी त्यांची मागणी होती. सगळ्यांना नेणे अशक्य, म्हणून १९८९ पासून 'जेसन' प्रकल्पाने समुद्रातील मोहिमेची दृश्ये उपग्रहाद्वारे मुलांपर्यंत पोहोचविली.

मी स्वतः कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे बे मत्स्यालयाचा थेट कॅमेरा वापरला. तिथे सकाळ होते तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ उलटलेली असते. म्हणून मुलांना रात्री आठला बोलावले. केल्प नावाच्या उंच सागरी शेवाळाचे ते वन. प्रथम मीच अखंड बोलत राहिलो आणि कोणी काहीच विचारले नाही. दुसऱ्या खेपेस गप्प बसलो. एकच पाते दहा मिनिटे पाहा, एवढेच सांगितले. सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, हे पाणी हलवतं कोण?"

यंत्र हलवते. केल्पला जमिनीतून अन्न घेणारी मुळे नसतात; पोषणद्रव्ये भोवतालच्या पाण्यातूनच मिळतात, म्हणून पाणी वाहते लागते. रात्री तिथे न गाळलेले समुद्राचे पाणी सोडतात. त्यातून सूक्ष्म जीव येतात, काही तिथेच वस्ती करतात. हे ऐकून ती म्हणाली, "म्हणजे हा समुद्र नाही, हौद आहे." अठ्ठावीस फूट उंचीचा, पण हौदच. ही गोष्ट मी आरंभीच सांगावयास हवी होती. मग खऱ्या समुद्राकडे वळलो: तिथे काटेरी सी-अर्चिन केल्प खातात, समुद्री पाणमांजर अर्चिन खाते, पाणमांजर नाहीसे झाले की वनच्या वन उजाड होऊ शकते. त्या रात्री मुले घरी जायला तयार होईनात.

इतके असूनही माझी एक तक्रार आहे. पडदा आला म्हणून एका शाळेने समुद्राची सहलच रद्द केली. (खर्च वाचला, हे खरे!) मला हे मान्य नाही. आपल्या गुजरातेत, जामनगरजवळ, कच्छच्या आखातात १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे नरारा येथे ओहोटीच्या वेळी प्रवाळांच्या पट्ट्यात पायी हिंडता येते. खेकडे, समुद्रफुले, दैव असेल तर ऑक्टोपस. पाणी गढूळ असते, पाय घसरतो, वास येतो आणि भरती कोणासाठी थांबत नाही. यांतले काहीच कॅमेरा देत नाही. मात्र दहा मिनिटे एकाच जागी पाहण्याची सवय पडद्यापुढे लागलेली असेल, तर ती तिथे कामी येते.

येत्या हिवाळ्यात आठवीचा वर्ग नरारास न्यावा, असे मी मुख्याध्यापकांना सुचविले आहे. वनखात्याची परवानगी आणि ओहोटीचे वेळापत्रक पाहण्याचे काम मी पत्करतो. बसच्या भाड्याचा प्रश्न उरतो. त्याबद्दल सभेनंतर माजी विद्यार्थ्यांनी मला कार्यालयात भेटावे.