हिरवा त्रिकोण आणि तळ्यातले शेवाळ

(घाटकोपर येथील कार्यकर्ता बैठकीत झालेले भाषण. जिल्हा मेळाव्यांत वाचून दाखवावे.)



बैठक घाटकोपरला कशासाठी, असे काही जणांनी मला विचारले. इथे ना पऱ्हाटी, ना ज्वारीचे कणीस. पण २०१६ च्या उन्हाळ्यात नांदेड जिल्ह्यातली कुटुंबे दुष्काळाने गाव सोडून इथेच, भटवाडीच्या मैदानावर, पाले ठोकून राहिली होती. गावचे पाणी संपले की कोरडवाहू माणूस घाटकोपरला येतो. तेव्हा पाण्याची गोष्ट बोलायला ही जागा अगदी योग्य आहे.

पाणी दोन तऱ्हांनी जाते. एक, आटून. ते सगळ्यांना दिसते. दुसरे, डोळ्यांसमोर भरलेले असते, पण आतून मरत जाते. ते कुणाला दिसत नाही. आज या दुसऱ्याबद्दल बोलायचे आहे.

आधी माझी चूक सांगतो. कृषीची पदवी घेतल्यावर काही वर्षे मी एका औषध कंपनीचा माल घेऊन गावोगाव हिंडलो. फवाऱ्यात मिसळायचे एक स्टिकर आमच्याकडे होते. औषध पानावर नीट पसरावे, पावसाने धुऊन जाऊ नये, म्हणून. मी सांगायचो, ‘हे वनस्पती तेलापासून केलेले आहे, आपल्या सरकीच्या तेलाचा भाऊच समजा.’ एका गावी एका काकांनी विचारले, ‘साहेब, पंप नाल्यात धुतला तर चालेल का?’ मी म्हणालो, ‘खुशाल धुवा काका, तेलच तर आहे.’ त्या नाल्यात पुढे काय झाले, मला ठाऊक नाही. मी पाहायला गेलोच नाही. न पाहता, न मोजता, पदवीच्या जोरावर मी उत्तर दिले, ही माझी खंत आहे.

मग ते ‘तेलच’ काय असते, ते पाहू. सरकीचे, करडईचे, एरंडीचे, कुठलेही वनस्पती तेल घ्या. त्यात मेदाम्ले ग्लिसरीनला जोडलेली असतात. अशा जोडणीला रसायनशास्त्रात एस्टर म्हणतात. ग्लिसरीन काढून त्या जागी मिथेनॉल जोडले की मिथाइल एस्टर होतो. बायोडिझेल म्हणतात ते हेच. हाच पदार्थ फवारणीच्या औषधात विरघळवणारा द्रव म्हणून किंवा स्टिकरमध्ये वापरतात. क्विनॉलफॉस २५ टक्के ईसी असे बाटलीवर असते, तेव्हा २५ भाग औषध. बाकीचे ७५ भाग काय? द्रावक आणि पाण्यात मिसळवणारे पदार्थ. त्यांची नावे कृषी केंद्रात कुणी सांगत नाही.

तुम्ही म्हणाल, बाटलीवर त्रिकोण असतो की! लाल, पिवळा, निळा, हिरवा. बरोबर. पण तो त्रिकोण उंदरासारख्या प्राण्यांवरच्या चाचणीतून ठरतो. पोटात किंवा कातडीवाटे किती गेले की प्राणी मरतो, एवढेच तो सांगतो. तळ्याबद्दल, नाल्याबद्दल त्रिकोण एक अक्षर बोलत नाही. आणि नुसते स्टिकर हे कीटकनाशक नाही, म्हणून अनेक स्टिकरच्या बाटल्यांवर त्रिकोणही नसतो.

पाण्याचे कसे तपासतात? त्याची एक ठरलेली परीक्षा आहे. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संस्थेने तिचे नियम घातले, २००६ मध्ये सुधारले. प्रयोगशाळेत काचेच्या चंबूत गोड्या पाण्यातले एकपेशीय हिरवे शेवाळ घेतात. एका मिलिलिटरमध्ये साधारण दहा हजार पेशी. हे आपल्या विहिरीच्या पायरीवरचे बुळबुळीत शेवाळ नव्हे; हे डोळ्यांना दिसतही नाही. वेगवेगळ्या चंबूंत तो पदार्थ कमी-जास्त प्रमाणात घालतात, एका चंबूत काहीच घालत नाहीत. उजेड द्यायचा, हलवत राहायचे, बहात्तर तास थांबायचे, मग पेशी मोजायच्या. काही न घातलेल्या चंबूत शेवाळ निदान सोळा पट वाढले पाहिजे, नाही तर परीक्षा रद्द. ज्या प्रमाणात वाढीचा वेग निम्मा होतो, त्या आकड्याला ईसी-५० म्हणतात. बाटलीवरचे ईसी वेगळे, हे वेगळे. आणि ध्यानात ठेवा, हा आकडा जितका लहान, तितका पदार्थ जहाल.

इथपर्यंत सोपे आहे. घोळ पुढे आहे, कारण तेल पाण्यात विरघळत नाही. शंभर मिलिग्रॅम एस्टर चंबूत घातला, तो वर तरंगला, काचेला चिकटला. शेवाळाला तो भेटलाच नाही. तीन दिवसांनी शेवाळ मजेत. कागदावर लिहिले जाते, ‘शंभर मिलिग्रॅमलाही अपाय नाही.’ ही झाली एक चूक. उलटही होते. तेलाचे थेंब पेशींना चिकटतात, वरचा तवंग उजेड अडवतो, शेवाळ खुंटते. तो गुदमरा असतो आणि विष म्हणून मोजला जातो. म्हणून जाणकार प्रयोगशाळा पदार्थ पाण्यात ढवळते, निवळू देते, वरचा तवंग टाळून खालचे पाणी घेते आणि त्या पाण्यात खरोखर किती उतरले ते मोजते. घातले किती हा हिशेब वेगळा, भेटले किती हा वेगळा.

अशा परीक्षांतून काय दिसते? लांब साखळीचे एस्टर, म्हणजे सरकी-सोयाबीनच्या तेलातल्यासारखे, पाण्यात इतके कमी उतरतात की शेवाळाला बहुधा अपाय दिसत नाही. आखूड साखळीचे, खोबरेल तेलात असतात तसल्या आठ-दहा कार्बनी मेदाम्लांचे एस्टर पाण्यात जास्त उतरतात आणि जास्त बाधतात. शिवाय एस्टर फुटला की मेदाम्ल मोकळे होते. ते शेवाळाला मूळ एस्टरपेक्षा कडक असते. परदेशात शेवाळ मारायला मेदाम्लांचे क्षार विकतातसुद्धा. तेव्हा ‘वनस्पती तेलाचे’ या दोन शब्दांत काहीच उत्तर नाही. कुठल्या तेलाचे आणि सोबत काय, हे विचारले पाहिजे.

सोबतीचे महत्त्व मोठे. बाटलीत एस्टर एकटा नसतो, त्याला पाण्यात मिसळवणारा पदार्थ असतो. चंबूत जो वर तरंगला असता, तो इथे दुधासारखा होऊन पाण्यात उतरतो. हे मिसळवणारे पदार्थ स्वतःही जहाल असू शकतात. ग्लायफोसेट तणनाशकात पीओईए नावाचा असा पदार्थ वापरत. पाण्यातल्या जिवांना तो मूळ तणनाशकाहून घातक. माणसाच्या आरोग्याच्या काळजीपोटी युरोपीय संघाने २०१६ मध्ये ग्लायफोसेटमधून तो काढायला लावला. औषध तेच राहिले, सोबती बदलला.

आता हिशेब करा. समजा एखाद्या तयार मालाचा आकडा लिटरला दहा मिलिग्रॅम आहे. बाटलीत नव्वद ग्रॅम माल, म्हणजे नव्वद हजार मिलिग्रॅम. भागिले दहा. नऊ हजार लिटर पाण्यातल्या शेवाळाची वाढ एक बाटली निम्म्यावर आणते. नऊ हजार लिटर म्हणजे दुष्काळात तुमच्या गावी येतो तो जवळपास एक टँकर!

कुणी म्हणेल, शेवाळ मेले तर बरेच झाले, आम्ही मोरचूद टाकून मारतोच. भावांनो, न दिसणारे हे शेवाळ म्हणजे पाण्यातली ज्वारी आहे. त्यावर पाण्यातले किडे जगतात, त्यावर मासे. दिवसा पाण्यात प्राणवायू तेच सोडते. ते एकदम मेले की कुजताना उरलासुरला प्राणवायूही खाते आणि सकाळी मासे पोटे वर करून दिसतात. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ आले. कितीकांनी त्यात मत्स्यबीज सोडले. त्याच तळ्याच्या काठावर आपण पंप धुतो.

म्हणून तीन कामे. पहिले, पंप आणि बाटली नाल्यात, विहिरीवर, तळ्यावर धुवायची नाही. धुण्याचे पाणी त्याच पिकावर फवारायचे. दुसरे, कृषी केंद्रात मालाचे सुरक्षा माहितीपत्रक मागायचे. त्याचा बारावा भाग पर्यावरणाचा असतो. शेवाळ, बहात्तर तास, ईसी-५० हे शोधा. आणि विचारा, परीक्षा तयार मालाची झाली की नुसत्या एका घटकाची? पाण्यात उतरलेले मोजले की फक्त घातलेले? तिसरे, जिल्हा मेळाव्यात ठराव करा: बाकीचे ७५ भाग काय आहेत आणि पाण्याला ते किती बाधतात, हे मराठीत बाटलीवर छापा. स्टिकरच्या बाटलीवरसुद्धा.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा कुठे सरकार हलले. माणसांसाठी हलायला इतके मरण लागले, तर न दिसणाऱ्या शेवाळासाठी कोण हलणार? ज्याचे पाणी, त्यानेच हलायचे.

त्या काकांची आणि माझी पुन्हा भेट झाली नाही. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आज, उशिरा, तुम्हा सगळ्यांसमोर देतो: नाही काका, नाल्यात धुऊ नका. मला तेव्हा माहीत नव्हते, आणि माहीत नाही असे म्हणायचे धाडसही माझ्यात नव्हते.