पोरामागचा पैसा कोणत्या शाळेत?
(शेंदूरजनाघाट येथील बैठकीत केलेले भाषण)



मागच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं, शिक्षणाचा सरकारी पैसा पोरामागं जावा. ज्या शाळेत पोरगं, त्या शाळेत पैसा. ऐकायले बरं वाटते. पण आपल्या काही पोरांमागं तो आधीच जातो. आदिवासी विकास विभागाची नामांकित शाळांची योजना तुम्हाले माहीत आहे. इंग्रजी माध्यमाच्या खाजगी निवासी शाळेले एका पोरामागं वर्षाला ५० ते ७० हजार रुपये भेटतात. शाळा कोणती, ते विभाग ठरवते. माय-बाप फॉर्मवर अंगठा मारतात. माह्या शेजारचं पोरगं दिवाळीत घरी आलं. आजी कोरकूत बोले, हे हिंदीत उत्तर दे. आजी म्हणे, पाहुणा आला का?

गावातली पाच पोरं गेली की जिल्हा परिषद शाळेचा पट पडते. पट पडला की मास्तर कमी. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं २०२३ मध्ये सरकारनंच काढलं. गावात राहिलेल्या पोरानं काय करायचं?

आता दुसरीकडे पहा. आपल्याच जिल्ह्यात, नांदगाव खंडेश्वर तालुक्यात, मंगरूळ चव्हाळ्याले मतीन भोसले यांनी जिल्हा परिषदेची मास्तरकी सोडून फासेपारध्यांच्या पोरांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ शाळा काढली. भीक मागणारी पोरं तिथं शिकू लागली. शाळा उभी राहिली लोकांच्या देणग्यांवर. २०१९ मध्ये समृद्धी महामार्गासाठी तिचं ग्रंथालय पाडलं. शिक्षण हक्क कायद्यात तर मान्यता नसलेली शाळा चालवणाऱ्याले एक लाखापर्यंत दंड आहे.

म्हणून माझं म्हणणं असं. पैसा पोरामागं जाऊ द्या, पण ग्रामसभेनं पाहून पसंत केलेल्या शाळेत, जिथं पोराची बोली चालते. पारध्यांसारख्या फिरत्या लोकांले निवासी शाळा लागते, आपल्याले सहसा लागत नाही. आणि पट कमी झाला म्हणून गावचा मास्तर उचलायचा नाही. हे मान्य नसेल तर तो पैसा गावच्याच शाळेत लावा.

अजून एक. वनहक्काचे दावे भरताना आपण कलम ३(२) विसरतो. सरकारी शाळेसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीनं भेटू शकते. ज्या गावात शाळेले जागा नाही, त्यांनी पुढच्या ग्रामसभेत ठराव घ्यावा आणि नक्कल इथं आणून द्यावी.